ताईच्या कानातली टिकटिक

तिसऱ्या फेरीत, जिथे मी नेहमी जरा उचलून धरते, तिथे ताई माझ्याबरोबर आली नाही. एवढंच झालं. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर म्हणेल, मग काय झालं, नाही आली तर नाही आली. ती आत झोपायच्या खोलीत दार लावून व्हायोलिन वाजवत होती, मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर गिटार घेऊन बसले होते, मधे बंद दार आणि दारावर तिनंच शिवून आणलेला जाड पडदा. टेबलावर टेप करायची ती नवी लाल डबी, कंप्युटरला जोडलेली. तिच्या एका भोकात माझ्या गिटारची वायर, दुसऱ्या भोकात ताईच्या माइकची लांब वायर, दाराखालच्या फटीतून आत गेलेली. आवाज एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ही सगळी खोल्यांची वाटणी. तर दारापलीकडून व्हायोलिन येत होतं, बारीक, शेजाऱ्यांकडून यावं तसं, आणि ते माझ्या मागे राहत होतं. मी मनात म्हटलं, ये ना बाई. ती आली नाही. मी जोरात छेडलं, दारातून ऐकू जाईल असं. तरी नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं. ताई मागे पडते हे घरात सगळ्यांना पाठ आहे, पण मी ओढलं की येते, जरा धापा टाकत का होईना, पण येते. त्या गुरुवारी संध्याकाळी ती आपल्या चालीनं चालत राहिली, आणि मी शेवटचा सूर मारून हात तारांवर ठेवला तेव्हा तिची अख्खी एक ओळ शिल्लक होती. जणू मी ताट उचलून ठेवलं होतं आणि ती अजून निवांत जेवत होती. ती ओळ मी ऐकली. ऐकणं भागच होतं, करणार काय. इतकी शांत होती ती ओळ की मला रागच आला.

मग दार उघडून ताई बाहेर आली, हेडफोन गळ्यात, वायर मागून फरपटत. चेहरा असा की काहीतरी सांडलंय पण कुणी सांडलं ते कळत नाहीये. "तू कधी सुरू केलंस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कधी म्हणजे? तुझ्याबरोबरच." "मला तुझी गिटार ऐकूच आली नाही गं. नुसती टिकटिक येत होती. मला वाटलं, टेप करताना असंच असतं." मी उठून डबीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. झालं होतं असं, की ती यायच्या आधी मी हेडफोन लावून पाहिले तेव्हा माझी गिटार मला दोनदा ऐकू येत होती, एकदा डबीतून सरळ आणि एकदा कंप्युटरमधून वळसा घालून, उशिरा. डोकं उठलं. म्हणून कंप्युटरवर गिटारच्या ओळीचं तोंड बंद केलं. मग सुरुवातीला मोजायची टिकटिक बारीक वाटली, म्हणून डबीवरचा, सरळ आवाज आणि कंप्युटरचा आवाज यांची वाटणी करणारा कान पिळत पिळत पार दुसऱ्या टोकाला नेला, तेव्हा सरळ येणारी गिटारही गेली. करायला गेले एक. माझ्या कानाला हेडफोन नव्हतेच, एकच जोडी होती, आणि मला टिकटिक हवी कशाला, घड्याळाला कुणी घड्याळ दाखवतं का. हे सगळं मी ताईला समजावून सांगितलं. ती हसली, मान हलवली, आणि म्हणाली, "म्हणजे तू नव्हतीस तर मी कुठल्या कुठे गेले असणार. पुसून टाक ते. कुणाला ऐकवू नकोस बाई." बस चुकेल म्हणून ती चपला घालून निघालीसुद्धा. "परवा येते दुपारी. तोवर तुझी ती डबी ताळ्यावर आण."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर रविवारी ताईचं व्हायोलिन जाणार होतं. भाऊजींच्या ओळखीचे एक शाळामास्तर आहेत, त्यांच्या मुलीला शिकायचंय, ते येऊन घेऊन जाणार. ताईनंच ठरवलं. आम्ही दोघी एका हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये आठवड्यातून एकदा वाजवतो, कोपऱ्यात, झाडाच्या कुंडीशेजारी, लोकांच्या काट्याचमच्यांच्या मधून. महिन्यापूर्वी तिथला मॅनेजर बोलता बोलता ताईच्या तोंडावर म्हणाला, धाकट्या बाई सांभाळून घेतात म्हणून निभावतंय. तो वाईट माणूस नाही, त्याला वाटलं तो माझी स्तुती करतोय.  घरी जाताना बसमध्ये ताई म्हणाली, "मी आता बंद करते. तुझं माझ्यापायी अडतं. तू एकटी कितीतरी पुढे जाशील." मी नाही नाही म्हटलं. म्हणायचं म्हणून नाही, खरंच म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. मग ती म्हणाली, एकदा नीट टेप करून ठेवू, दोघींचं, आठवण म्हणून, मग मी मोकळी. आणि मी दुकानात जाऊन ही डबी आणली.

ती गेल्यावर पुसून टाकायच्या आधी मी सहज ऐकलं. सहज कसलं, तिच्या चुका ऐकायला बसले. कंप्युटरच्या पडद्यावर दोन पट्टे होते, वर माझा, खाली तिचा, आणि टिकटिकीच्या जागी उभ्या बारीक रेघा, वहीला समास आखावेत तशा. आधी तिचा पट्टा एकटा लावला, टिकटिकीसकट. मी वाट बघत होते, आता ढळेल, आता ढळेल. वर जाताना नक्की ढळते ती. नाही ढळली. गज बदलताना तिच्या हातून क्षणभर निसटतं ते मला लहानपणापासून माहीत आहे. नाही निसटलं. टिकटिक तिच्या सुरांच्या पोटात जाऊन बसत होती, कित्येकदा तर ऐकूच येत नव्हती, मला वाटलं बंद पडली. मग माझा पट्टा लावला. पहिल्या फेरीला ठीक. दुसरीत मी टिकटिकीच्या जरा आधी येऊ लागले, पाहुणे दिलेल्या वेळेच्या आधी येऊन सोफ्यावर बसतात तशी. तिसरीत मी आणि टिकटिक, आमचा एकमेकींशी काही संबंधच उरला नाही. मी बंद केलं. चहा केला. तो प्यायचं विसरले.

पहिला विचार आला तो असा, की यंत्र चुकतंय. का नाही चुकणार? दुकानदारानंच डबी हातात देताना सांगितलं होतं, कंप्युटरला आवाज पोचायला जरा वेळ लागतो, घाबरू नका. मी म्हटलं, बरोबर, हेच ते. पण वेळ लागला तर माझी गिटार मागे पडायला हवी, पुढे कशी जाईल? तरी म्हटलं, वायरीत दोष असेल. माझी वायर ताईच्या भोकात लावली, ताईच्या माइकची माझ्या भोकात. गिटारला वायर न जोडता माइकसमोर बसून वाजवून पाहिलं. टिकटिक बंद करून, चालू करून. दोष वायरीत असता तर वायरीबरोबर गेला असता, भोकात असता तर भोकात राहिला असता. तो दर वेळी माझ्याबरोबर खुर्चीवर येऊन बसत होता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी ताईला किती वेळा ऐकवलीय याचा हिशोब नाही. गज नवा आहे, हॉलमध्ये गार आहे, प्रकाश कमी आहे, असं ती काही म्हणाली की माझं हे ठरलेलं. आणि आता मी जमिनीवर बसून अंगण मोजत होते.

शेवटी हेडफोन कानाला लावले आणि टिकटिकीला धरून वाजवायचं ठरवलं. हे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. बाबांनी ताईला टिकटिक करणारं लोलकाचं यंत्र आणून दिलं होतं, मला कधीच नाही. त्यांच्या मते ते औषध होतं आणि मी आजारी नव्हते. सुरू केलं. आणि सांगते, ती टिकटिक रेंगाळत होती. मुद्दाम. एक टिक झाली की दुसरी यायला तिला काय व्हायचं कोण जाणे, मी पोचून उभी राहायची आणि ती मागून निवांत यायची, पदर सावरत. मी थांबले तिच्यासाठी. थांबले की हात अवघडायचा, बोटं जड व्हायची, सुरांतला जीव जायचा, आपण कुणाच्या तरी अंत्ययात्रेत चाललोय असं वाटायचं. सोडून दिलं की पुन्हा पुढे. मी फोनवरच्या घड्याळाशी टिकटिक ताडून पाहिली. बरोबर होती. म्हणजे काय बरोबर होतं? माझ्या अंगाला ती चूक वाटत होती, आणि एवढी वर्षं माझं अंगच तर माप होतं आमच्या घरात. माझ्या अंगावर विश्वास ठेवायचा की त्या लाल डबीवर, हे मला कळेना. अजून नीट कळलेलं नाही.

बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्हा दोघींना बसवायचे आणि बोटांनी टेबलावर ठेका धरायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन, गिटार माझ्यापेक्षा मोठी. ताई उभी राहून वाजवायची, हनुवटीखाली रुमाल. बाबांच्या बोटांबरोबर मी चालायची, अगदी बरोबर, न बघता, आणि ताई मागे पडायची. "धाकटी म्हणजे घड्याळ आहे," बाबा म्हणायचे, "थोरली म्हणजे वारा. वाऱ्याला कोण काय सांगणार?" ते प्रेमानं म्हणायचे, ताईच्या डोक्यावर टपली मारून. ताई हसायची. आईनं एकदाच बाबांना काहीतरी म्हटलेलं आठवतं, भाजी निवडताना, मान वर न करता: "तुम्हाला जरा दम धरता येत नाही का?" मला वाटलं होतं, रागावू नका असं म्हणतेय ती. आता त्या पडद्यावरच्या रेघा बघता बघता मला बाबा चालताना दिसले. बाबा रस्त्यानं नेहमी आमच्या दोन पावलं पुढे. जेवायला सगळ्यांच्या आधी बसणार, आधी उठणार. गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर. गोष्ट सांगायला लागले की शेवट आधी सांगून टाकायचे. बँडमधून त्यांना काढलं होतं की त्यांनी सोडला होता, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही बाबांचीच होती. म्हणजे बाबांचंच घड्याळ पुढे होतं का? आणि माझं त्यांच्याशी जुळत होतं, म्हणून मी बरोबर? आणि ताई, जी एकटीच वेळेवर होती त्या स्वयंपाकघरात, ती वारा? मला हा विचार पटेना. पटला की बाबांचं काहीतरी माझ्या हातून पडून फुटेल असं वाटायचं. आणि नाही पटवून घेतला, तर समोर पडद्यावर ताईचा पट्टा होताच.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. मी कवळ्या बनवते, एका लॅबमध्ये. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात दात बसवतो, घासतो, चकाकी देतो. सकाळी सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्या आजोबा-पेशंटला आठवड्यापूर्वी पाठवलेली नवी कवळी बसत नाहीये, आजोबा म्हणतायत चावताच येत नाही, जुनीच बरी होती. मी म्हटलं, "दोन्ही पाठवा बघू." दोन्ही आल्या. जुनी पार वाकडी होती, डाव्या बाजूचे दात झिजून सपाट. नवी मी, दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा कागद लावून, जबड्याच्या सांगाड्यावर शंभरदा टेकवून पाहिली होती, ती बरोबर होती, आजही बरोबर होती. मी बाईंना फोन करून तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मला माहितीये तुमची बरोबर आहे. त्यांचा जबडाच इतक्या वर्षांत वाकड्या कवळीच्या कलानं सरकलाय. आता सरळ कवळी त्यांना चूक वाटणारच." मी फोन ठेवला आणि दोन्ही कवळ्या हातात घेऊन बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "काय गं, कवळीकडे बघून डोळे का भरले?" मी म्हटलं, प्लास्टर गेलं डोळ्यात. मला अक्षरशः संताप आला होता त्या डॉक्टरीणबाईंचा. कुणी विचारलं होतं त्यांना?

दुपारच्या सुट्टीत दुकानदाराला फोन केला. त्याला म्हटलं, तुमची डबी माझी गिटार पुढे ढकलते. तो सभ्य माणूस, म्हणाला, "मॅडम, मागे पडली अशी तक्रार येते. पुढे जायची पहिल्यांदाच ऐकतोय. यंत्राला पुढचं कसं कळणार?" मी म्हटलं, बरं मग अजून एक हेडफोन द्या. संध्याकाळी तो आणायला गेले, तर तो गल्ल्यामागून म्हणाला, "तुम्ही एकट्याच वाजवता का?" मी हो म्हणणार होते. महिनाभर मनात तेच तर होतं. तोंडातून निघालं, "नाही, ताईबरोबर." आणि घरी येईपर्यंत मी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले, की इतकी वर्षं हॉटेलात, लग्नांत, शाळांच्या समारंभांत लोक येऊन मला म्हणायचे, तुमच्या वाजवण्यात काय ओढ आहे हो, जिवंतपणा आहे, तो जिवंतपणा म्हणजे काय होतं? मी पुढे पळत होते आणि ताई दर वेळी धावत येऊन माझ्या बाजूला उभी राहत होती, म्हणून ते पळणं वाटत नव्हतं, ओढ वाटत होती. तिला धाप लागलेली सगळ्यांना दिसायची. कुणामुळे लागली ते कुणी पाहिलं नाही. मग वाटायचं, एका टेपवरून एवढं ठरवायचं? एक दिवस चुकतो कुणाचाही. मग वाटायचं, ताईला हे माहीत असेल का? माहीत असून गप्प बसली असेल, तर मी तिला माफ करणार नाही. आणि माहीत नसेल, तर ते जास्त वाईट.

शनिवारी दुपारी ताई आली, खांद्यावर पेटी, हातात पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी. "माइकच्या मागे हेही टांग," म्हणाली, "घुमणार नाही." या खेपेला मी सगळं तीनदा तपासलं होतं. दोघींना हेडफोन, दोघींच्या कानात दोघी, टिकटिक फक्त मोजायला, मग बंद. ताई आत गेली, पण दार मी उघडंच ठेवलं, आवाज मिसळला तर मिसळला. मला ती दिसायला हवी होती. सुरू केलं. पहिली फेरी नेहमीसारखी. दुसऱ्या फेरीत मी ठरवून, तिरसटासारखी, पुढे पळाले, नेहमीपेक्षा दुप्पट. ताई तिथे होती. मी मागे ओढलं, इतकं की सूर लोंबकळायला लागले. ताई तिथेच, हनुवटीखालून नजर माझ्याकडे, कपाळावर एक आठी. तिसऱ्या फेरीत तर मी अख्खी मात्रा खाऊन टाकली, जणू ती नव्हतीच. असं कुणी करत नाही, मी जन्मात केलं नव्हतं. आणि ताईनंही ती खाल्ली. त्याच क्षणी, माझ्यानंतर नाही, माझ्याबरोबर. तिच्या गजाला कसं कळलं देव जाणे. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, चालच अशी आहे. मी शेवटपर्यंत वाजवत गेले, कारण थांबले असते तर रडले असते.

शेवटचा सूर विरला. ताईनं व्हायोलिन खाली घेतलं आणि म्हणाली, "सॉरी गं. मधे दोन-तीनदा फार गडबडले मी."

मी हेडफोन काढून आत गेले. तिला म्हटलं, "ताई, मी मुद्दाम केलं. गडबडले ती मी. तू नव्हे." ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, बाबांच्या टपलीला हसायची तशी. "मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस." "अगं खरंच. गुरुवारचं ऐक." मी तिला पलंगावर बसवलं, कंप्युटर मांडीवर दिला, तिचा पट्टा लावला, टिकटिकीसकट. तिनं मान वाकडी करून ऐकलं. "छान येतंय की," म्हणाली, दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखी. "पण ही टिकटिकीमुळे. टिकटिक कानात असेल तर कुणीही वाजवेल." मी म्हटलं, "मला नाही जमत. टिकटिकीबरोबर मला नाही जमत, ताई. गुरुवारी रात्री पाहिलं मी." "तुला टिकटिकीची गरजच काय?" ती म्हणाली.  पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा पालथा कुणी घातला होता? मी तिला माझा पट्टा दाखवला, रेघा दाखवल्या, बोट ठेवून दाखवलं, हे बघ, इथे मी पुढे, इथे अजून पुढे. तिनं चष्मा लावून पाहिलं. "मला बाई त्या रेघांतलं काही कळत नाही. बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं." मग माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "डबी परत कर त्या दुकानदाराला. बिघडलेली दिसतेय."

 मी बाहेर जाऊन माझ्या गिटारची वायर डबीतून उपटली, टिकटिक बंद केली, आणि दारात उभी राहून म्हटलं, "एकटी वाजव. एकदा. मला तुझं एकटीचं हवंय." ती म्हणाली, "तुझ्याशिवाय मी कुठे जाऊन पडेन," तरी उभी राहिली, मी हट्ट केला की ती ऐकते, हेही लहानपणापासूनचं. मी बटण दाबलं. ताईनं डोळे मिटले आणि वाजवलं. मला संगीतातलं फार बोलता येत नाही, मला नुसतं वाजवता येतं असं मी समजत होते. एवढंच सांगते, की ती कुणाचीही वाट बघत नव्हती आणि कुणाच्याही मागे धावत नव्हती. जिथे मी नेहमी तिला ओढून पुढे नेते तिथे ती उभी राहिली, श्वास घेतला, आणि त्या जागी एक सूर आहे जो मी आजवर ऐकलाच नव्हता. तो दर वेळी माझ्या पायाखाली येत होता. मी दाराची चौकट धरून उभी होते. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी एकटं, पोरकं वाटलं, आणि यातलं कुठलं खरं ते मला ठरवता येईना.

वाजवून झाल्यावर ताईनं डोळे उघडले आणि तिनं नेहमीचं विचारलं, "कुठे कुठे चुकले?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं उजळेल. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाच्या कडेला बसली आणि गजाचं मळसूत्र फिरवून केस सैल करायला लागली, वाजवणं संपल्यावर करतात तसं, पण फार सावकाश. "तेच म्हणते मी," ती म्हणाली. "आता तू मला चुकासुद्धा सांगत नाहीस. चांगली शिकवण्यासारखी होते तोवर सांगत होतीस. बाबाही शेवटी शेवटी काही बोलायचे नाहीत, नुसते छान छान म्हणायचे. तेव्हाच मला कळलं होतं." तिनं पेटी पुढे ओढली. पेटीच्या आतलं मखमली कापड विरलं होतं, त्या जागी तिनं नवीन लावलं होतं, मास्तरांच्या मुलीला बरं दिसावं म्हणून. "उद्या ते दहाला येतायत. तू नको येऊस, तुला बघवणार नाही."

मी तिला पुन्हा सांगू शकले असते. रेघा दाखवू शकले असते, दहादा ऐकवू शकले असते, हात जोडू शकले असते. तिनं पुन्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला असता. तिचा जगात एका माणसावर विश्वास होता, ती मी होते, आणि मी खरं बोलत होते तोवर तो काही कामाचा नव्हता. व्हायोलिन पेटीत गेलं. तिनं वरचं झाकण धरलं.

"थांब," मी म्हटलं. "दुसऱ्या फेरीत. वर जातेस तिथे."

तिचा हात थांबला. "काय झालं तिथे?"

"घाई झाली."

"वाटलंच मला," ताई म्हणाली. आवाजात जीव आला. "वाटलंच. मघाशी का नाही बोललीस मग? खूप झाली?"

"बरीच."

"अजून कुठे?"

मी आठवल्यासारखं केलं. आठवत काहीच नव्हतं, कारण काही नव्हतंच. मी त्या निर्दोष तीन फेऱ्यांत शिरून जागा शोधत होते, कुठली सांगितली तर तिला पटेल. "शेवटी," मी म्हटलं. "शेवटच्या ओळीआधी. तिथेही पळालीस."

"बघ," ती म्हणाली, आणि पेटीतून व्हायोलिन पुन्हा बाहेर काढलं. गजाचे केस ताणताना ती पुटपुटत होती, घाई, घाई, आणि मान हलवत होती, जुना दुखणारा गुडघा नक्की कुठे दुखतो ते सापडल्यासारखी. मग म्हणाली, "हे असं टेप करून ठेवायचं म्हणजे लाजच की. मास्तरांना सांगते, पुढच्या रविवारी या म्हणून. तोवर रोज संध्याकाळी येते मी. तू बसशील ना? नीट सांगशील ना मला?"

मी हो म्हटलं. ती माइकसमोर उभी राहिली, हनुवटीखाली रुमाल घेतला, आणि माझ्या मानेच्या इशाऱ्याची वाट बघत थांबली. मी लाल बटण दाबून मान हलवली. आणि ती वाजवायला लागली, पहिल्यापेक्षाही चांगलं, आणि मी दारात उभी राहून, कान देऊन, तिची पुढची चूक शोधायला लागले.